शिकाऊ उमेदवारांचे अभिनंदन



उमेदवारी पुरी करून कामाला लागलेल्या आपल्या मुलामुलींचे अभिनंदन करताना मला आपल्या बडोद्याचे कलाभवन आठवते. सयाजीराव महाराजांनी ते १८९० साली स्थापिले. दादासाहेब फाळके तेथे शिकले. १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

१९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने विद्यावेतन दिले. प्रतिष्ठा मात्र कायद्याने मिळत नाही. ‘मुलगा कारखान्यात असतो’ हे आपण अजून हलक्या आवाजातच सांगतो. पांढरपेशे ना आपण! या सभागृहातील गुणवंतांच्या फलकावर डॉक्टर आहेत, वकील आहेत. लेथवर हात बसलेला एकही नाही. या मुलांची नावे त्यावर यंदाच लिहावीत, अशी विश्वस्तांना माझी विनंती आहे.