घर कोणास द्यावे?



घरमालकाची बाजू सभेत कोणी फारशी मांडीत नाही, म्हणून आम्ही तिच्यापासूनच आरंभ करतो. आपल्या नागपुरास १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा घरभाडे नियंत्रण हुकूम लागू होता. घर रिकामे झाले की सरकारास कळवावयाचे, आणि ते कोणास द्यावयाचे हे सरकारी अधिकारी ठरवू शके. भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस द्यावयाची तरी नियंत्रकाची लेखी परवानगी आधी घ्यावी लागे. अशा दिवसांत मालकाच्या मनात भय बसले, यात नवल ते काय?

तो हुकूम आता गेला. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अमलात आला. ज्यास लोक 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणतात, तसा करार करून घर दिले असेल, तर मुदत संपताच मालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते. न निघणाऱ्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. भयाचे कारण बरेचसे सरले. भयापोटी विचारला जाणारा प्रश्न तेवढा उरला. "आडनाव काय हो?" हल्ली काही सभ्य मंडळी आडनाव विचारीत नाहीत, "मांसमच्छी खाता काय?" असे विचारतात. रोख तोच!

आडनावावरून भाडे वेळेवर येईल की नाही हे कळते काय? १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया आणि लंडन येथे शिकून बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पद होते, पगार होता, घर मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते राहिले, तर तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हे भाडे बुडवतील, अशी शंका त्या जमावास खासच नव्हती. दीक्षाभूमीच्या गावात ही हकीकत आम्ही मुद्दाम सांगत आहोत.

"घर माझे, वाटेल त्यास देईन" हे म्हणणे कायद्याने अर्धेच खरे आहे. संविधानाच्या १५ व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी यांचा उल्लेख आहे, खाजगी घराचा नाही. परंतु नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ याच्या चौथ्या कलमात कोणत्याही वस्तीतील राहत्या घराचा उल्लेख स्पष्ट आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून तेथे राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा ठरतो. धर्मावरून दार लावले तर मात्र हे कलम कामी येत नाही. ही उणीव आम्हांस खटकते.

मग पारख कशाची करावी? मिळकत किती, राहणारी माणसे किती, मागील घरमालकाचा अनुभव काय, एवढे पुरे. जे एकास विचारले ते सर्वांस विचारावे. करार लेखी आणि नोंदलेला हवा. ती जबाबदारी कलम ५५ प्रमाणे मालकाचीच आहे. तो नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. ओळखपत्र पाहावे, पोलीस ठाण्यात माहिती द्यावी. आणि ज्यास घर द्यावयाचे नाही, त्यास चार फेऱ्या न घालावयास लावता त्याच दिवशी तसे सांगावे, त्याच्या कागदांच्या नकला त्यास परत द्याव्यात.