सांगोल्याची खेळाडू, विद्यापीठाची जर्सी

सांगोल्याची एखादी खेळाडू आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरते, तेव्हा तिच्या जर्सीवर नाव असतं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचं. या स्पर्धांमागची संस्था म्हणजे भारतीय विद्यापीठ संघ. 1925 साली आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून ती सुरू झाली. आजचं नाव 1973चं. तिथं विद्यापीठाची बाजू मांडतात कुलगुरू. आपलं विद्यापीठ 2004चं, एकाच जिल्ह्यापुरतं. तरी संघात सदस्य म्हणून ते मुंबई विद्यापीठाच्याच पंगतीला बसतं. ही काही लहान गोष्ट नव्हे! तेव्हा खेळाडूंनो, निवड चाचणीची तारीख महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकांना आजच विचारून ठेवा.