गाडी किती पळते, आणि आपल्याला किती जायचंय?

आज बोलू या बॅटरीवरच्या गाडीबद्दल.

दोन वर्षांपूर्वी मी अशी स्कूटर घ्यायचं काढलं. बिबड्या, पापड घेऊन मला अमळनेरला जावं लागतं. येऊन-जाऊन अठ्ठावीस किलोमीटर. घरात प्रत्येकाचं काहीतरी निघालं. सासरे म्हणाले, "वाटेत बंद पडली तर ढकलत आणशील का?" दीर म्हणाले, "ते खेळणं आहे." जाऊबाई म्हणाल्या, "उन्हाळ्यात पेटते म्हणे."

सासऱ्यांची शंका रास्त होती. दुकानदारानं शंभर किलोमीटर सांगितले, ओझं घेऊन सत्तरच भरतात. पण मला लागतात अठ्ठावीस. म्हणून आधी आपलं रोजचं अंतर मोजा, मग गाडीचं विचारा. तीन युनिटात माझी बॅटरी भरते. युनिटला दहा रुपये धरले तर तीस रुपयांत सत्तर किलोमीटर. तेवढ्याच अंतराला पेट्रोलचे दीडशेच्या वर जातात.

खेळण्याचं म्हणाल, तर सरकारच्या पिंक ई-रिक्षा योजनेत पुण्याकडच्या बाया बॅटरीची रिक्षा चालवून घर चालवतात. त्यात वीस टक्के अनुदान, सत्तर टक्के बँकेचं कर्ज आणि दहा टक्के बाईचे स्वतःचे.

पेटण्याची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नका. २०२२च्या उन्हाळ्यात देशात काही गाड्या पेटल्या होत्या. त्यानंतर डिसेंबर २०२२पासून केंद्र सरकारनं बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. आपल्या जळगाव-धुळ्याचं ऊन तर ठाऊकच आहे. म्हणून गाडी सावलीत लावा. दुपारी आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, बॅटरी निवू द्या. चार्जर कंपनीचाच वापरा, सॉकेटला अर्थिंग करून घ्या. ढिल्या पिनेवर, लांबवलेल्या वायरीवर चार्ज करू नका.

आणखी एक. "लायसन लागत नाही," असं सांगून गाडी विकतात. हे फक्त अडीचशे वॅटपर्यंतच्या आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या वर न पळणाऱ्या गाडीला लागू आहे. त्याहून जोरात पळणाऱ्या गाडीला लायसन, नोंदणी, विमा सगळं लागतं. बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची, किती किलोमीटरची, हे कागदावर लिहून घ्या. बॅटरी बदलायची वेळ आली तर खर्च मोठा असतो. आणि दुरुस्तीचं ठिकाण तालुक्यात आहे की जळगाव-धुळ्याला जावं लागेल, तेही विचारा.

आता मनातलं सांगते. कर्ज गटातून माझ्या नावावर निघालं, हप्ता पापडाच्या पैशातून जाणार होता. तरी गाडी ह्यांच्या नावावर करायची असं घरात ठरत आलं होतं. "बाईच्या नावावर कशाला?" मी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "कर्जाच्या कागदावर माझी सही चालते, तर गाडीच्या कागदावर का नाही?" ह्यांनी थोडा वेळ घेतला, मग आधार कार्ड माझंच काढून दिलं.

आज दीर कधी गाडी मागायला येतात, तेव्हा मला विचारतात. मी देते. पण विचारतात.

पुढच्या बैठकीत कोणाच्या मनात गाडी असेल तर तीन गोष्टी लिहून आणा: रोजचं अंतर, हप्ता कशातून जाणार, आणि कागद कोणाच्या नावावर. मग आपण बसून हिशेब करू.