लाल ओळ दिसली की लगेच फॉरमॅट मारायचा नसतो

लिनक्स वापरत असाल तर हे कधी ना कधी तुमच्याही वाट्याला येणार. मशीन चालू केलं, काळ्या स्क्रीनवर लाल अक्षरात ‘फेल्ड’, पुढं ‘लोड कर्नल मॉड्यूल्स’, आणि गाडी तिथंच अडकली.

गेल्या महिन्यात आपल्या कोल्हापुरातल्याच इंजिनिअरिंगच्या एका मुलीचं असं झालं. चार दिवसांवर प्रोजेक्टचं सबमिशन, बॅकअप शून्य. दुकानात सांगितलं, “हार्डडिस्क गेली, फॉरमॅट मारावा लागंल.” मी फोनवर म्हटलं, थांब गं, आधी वाचू तरी काय लिहिलंय.

कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा. मॉड्यूल म्हणजे त्याला जोडायचे सुटे भाग, वायफायचा, ग्राफिक्सचा वगैरे. सुरू होताना सिस्टिम या भागांची एक यादी वाचते. त्यातला एक सापडला नाही तरी लाल ओळ येते. ही ओळ हार्डडिस्कबद्दल काही बोलतच नाही! कित्येकदा ती येऊनही मशीन पुढं नीट चालतं, कारण काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचं नाव नुसतं यादीत उरलेलं असतं.

हिचं मात्र अडलं होतं. आदल्या रात्री अपडेटमधून नवा कर्नल आलेला. मॉड्यूल ज्या त्या कर्नलच्या मापाचं लागतं. दुसऱ्याच्या मापाची कोल्हापुरी आपल्या पायात बसते होय? ग्राफिक्सचं मॉड्यूल नव्या मापाचं तयारच झालं नव्हतं.

मग केलं काय? चालू होताना एस्केप दाबलं (काही मशीनवर शिफ्ट लागतं), ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये गेलो आणि जुना कर्नल निवडला. उबंटूसारख्या सिस्टिम जुना कर्नल ठेवतातच. मशीन सुरू! सगळ्या फायली जागेवर. पहिलं काम, प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर. मग टर्मिनलवर ‘जर्नलसीटीएल डॅश बी डॅश एक’, म्हणजे मागच्या वेळी सुरू होताना काय बिनसलं त्याची नोंद. त्यात त्या मॉड्यूलचं नाव स्पष्ट होतं. नव्या कर्नलचे हेडर्स राहिले होते. ते टाकले, आणि डीकेएमएसनं मॉड्यूल आपोआप नव्यानं बांधलं.

गाभ्यात घुसणारा भाग बिघडला की काय होतं, ते 19 जुलै 2024 ला जगानं पाहिलं. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं सुमारे 85 लाख विंडोज मशीन पडली, आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहिले गेले. तिथंही बहुतेक ठिकाणी उपाय फॉरमॅट नव्हता. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवायची होती.

नोंदीत ‘की वॉज रिजेक्टेड’ दिसलं तर प्रकरण सिक्युअर बूटचं, म्हणजे मॉड्यूलवर मान्य सही नाही. आणि ‘डीएफ डॅश एच’ मारून बूटचं पार्टिशन भरलंय का तेही बघा. जागा नसेल तर नवा कर्नल अर्धवटच बसतो, मग जुने एकदोन काढायचे. सध्या जो चालतोय तो मात्र ठेवा हं!