हुतात्मा शिरीषकुमार आणि आपण
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात शनिशिंगणापूर मुक्कामी, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे अध्यापनाचे शिक्षण घेऊन उभी हयात खेड्यापाड्यांतील शाळांतून मुले शिकविण्यात घालविली. विद्वत्तेचा अधिकार मजपाशी नाही. तरी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली की, विद्यार्थ्यांपुढे एखादे चरित्र ठेवावे. ते आपल्याच समाजातील थोर पुरुषाचे असावे, अशी सूचनाही काही स्नेह्यांनी केली. त्यांची क्षमा मागून मी आज एका परक्या ज्ञातीतील मुलाचे चरित्र सांगणार आहे. ते ऐकल्यावर त्याला परका म्हणावे की नाही, हे आपणच ठरवावे.

शिरीषकुमार पुष्पेंद्र मेहता याचा जन्म २८ डिसेंबर १९२६ रोजी नंदुरबार येथे एका गुजराती भाषिक कुटुंबात झाला. नंदुरबार त्या काळी पश्चिम खानदेश जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. स्वतंत्र जिल्हा होण्याचा मान त्याला १९९८ साली मिळाला. मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषा तेथील बाजारपेठेत शेजारणींसारख्या नांदत आल्या आहेत.

हा शाळकरी मुलगा पुढारी कसा झाला, हे समजण्यासाठी क्षणभर आपल्याच जिल्ह्याकडे पाहावे लागते. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी दिवस उजाडण्यापूर्वीच धरपकड सुरू झाली. महात्माजींना पुण्यास आगाखान महालात ठेवले. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव आदी कार्यकारिणीच्या मंडळींना नगरच्या किल्ल्यात आणून कोंडले. येथून तो किल्ला दूर नाही. त्याच बंदिवासात नेहरूंनी ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ लिहिला. नगरचेच सुपुत्र अच्युतराव पटवर्धन भूमिगत झाले. मोठी माणसे अशी गजाआड गेल्यावर गावोगाव प्रश्न उभा राहिला की, आता पुढे कोणी व्हावे? कित्येक ठिकाणी त्याचे उत्तर विद्यार्थ्यांनी दिले. नंदुरबारात ते शिरीषने दिले.

९ सप्टेंबर १९४२ रोजी, म्हणजे त्या धरपकडीला महिना पूर्ण होत असता, नंदुरबारच्या रस्त्यांतून मुलामुलींची मिरवणूक निघाली. हातांत तिरंगा आणि मुखी घोषणा, एवढीच त्यांची सामग्री. पोलिसांनी वाट अडविली. लोक पांगेनात, तेव्हा बंदुका रोखल्या गेल्या. मुलींच्या दिशेने बंदूक वळलेली पाहताच शिरीष पुढे सरसावला आणि मारायचे तर मला मारा, असे म्हणाला, अशी तेथील आठवण सांगतात. गोळ्या सुटल्या आणि हातातील निशाणासह शिरीष कोसळला. त्याला सोळावे वर्ष चालू होते. त्या गोळीबारात लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही हुतात्मे झाले. आडनावे नीट ऐकावीत. ही मुले निरनिराळ्या घरांतील होती. पण आजही त्यांची स्मृती नंदुरबार एकत्रच जपते.

या मुलाने मोठी भाषणे ठोकली नाहीत, ग्रंथ लिहिले नाहीत, कोणतेही पद भूषविले नाही. त्याचे सारे चरित्र शाळेच्या एका पाठात मावते. मीही दरवर्षी ऑगस्ट महिन्यात तो पाठ वर्गात रंगवून सांगत असे. मुलांचे डोळे पाणावत आणि मला धन्यता वाटे. त्या धन्यतेला तडा कसा गेला, ते आज सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो, तेथे वाडीवस्तीवरच्या मुली सकाळच्या एस.टी.ने येत. एका पावसाळ्यात ती गाडी बंद झाली. मुलांनी चार-सहा वेळा विनंत्या केल्या, त्यांचा उपयोग झाला नाही. तेव्हा दहावीच्या एका मुलाने सर्वांच्या सह्यांचा अर्ज तयार केला आणि तालुक्याच्या कचेरीवर शांतपणे पायी जाण्याचे ठरविले. मला ते कळताच मी शाळेचे फाटक लावून कुलूप घातले. अर्ज काढून घेतला. वरिष्ठ काय म्हणतील, हीच भीती मनात होती. तो मुलगा उद्धटपणे बोलला नाही. एवढेच म्हणाला, “गुरुजी, परवाच तर आपण शिरीषकुमार सांगितला होता.”

मजजवळ उत्तर नव्हते. गाडी त्या वर्षी सुरू झालीच नाही आणि दोन मुलींचे शिक्षण कायमचे सुटले. त्या आज कोठे आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हे दुःख अधिक आहे. ज्या गावात घरांना दारे न लावण्याची पूर्वापार रीत आहे, तेथे उभे राहून मी आपणांस सांगतो की, ते फाटक लावल्याचा मला आजही पश्चात्ताप होतो.

विद्यार्थ्यांनो, शिरीषच्या काळाने त्याचे प्राण मागितले. आजचा काळ तुमच्याजवळ प्राण मागत नाही. अर्ज नीट लिहिणे, त्यावर स्वतःची सही करणे, अधिकाऱ्यापुढे नम्रपणे पण न अडखळता बोलणे आणि हाती दगड न घेणे, इतकेच तो मागतो. अभ्यास सोडू नका; पण शेजारच्या बाकावरचा सोबती शाळा सोडून गेला, तर तो का गेला, याची विचारपूस करा. तो कोणत्या समाजाचा, हे मात्र विचारू नका.

आणि वडील मंडळींनो, आपण आज मुलांना प्रशस्तिपत्रे व वह्या-पुस्तके देत आहोत. ते योग्यच आहे. परंतु उद्या यांपैकी एखादा मुलगा न्याय्य मागणीचा कागद घेऊन आपल्या दारी आला, तर त्याला घरात कोंडू नका. कागद वाचा, चूक असेल तर दुरुस्त करा आणि खरा असेल तर त्याच्या सहीखाली आपली सही घाला. मला ते त्या दिवशी जमले नाही. आपणांस जमावे, अशी प्रार्थना करून आणि त्या पाच हुतात्म्यांना वंदन करून मी आपली रजा घेतो.