गोलरक्षक कोस्ता परेरा



परेरा हे आडनाव आपल्याला मुळीच परकं नाही. वसईत, मुंबईच्या जुन्या गावठाणांत आणि गोव्यात तर ते जागोजागी भेटतं. आज ज्या परेरांविषयी मी बोलणार आहे, ते मात्र अरबी समुद्राच्या पार, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे. आल्बेर्तो द कोस्ता परेरा हे त्यांचं पूर्ण नाव. १९२९ सालच्या डिसेंबरात मोझांबिकमधल्या नकाला या बंदराच्या गावी ते जन्मले. मोझांबिक तेव्हा पोर्तुगालच्या अमलाखाली होतं. तिथल्या लोरेन्सु मार्किश या राजधानीच्या शहरात, ज्याला आज आपण मापुटो म्हणतो, रेल्वे कामगारांच्या नावाने चालणाऱ्या फेरोव्हियारियो संघाचं गोल ते राखत. १९५४ साली लिस्बनच्या बेनफिका संघाने त्यांना बोलावून घेतलं, आणि पुढची तेरा वर्षं या गृहस्थाने दुसऱ्या कोणत्या संघाचं दार पाहिलं नाही.

ते साल बेनफिकाच्या इतिहासात मोठं महत्त्वाचं आहे. ओतो ग्लोरिया नावाचा ब्राझिलियन प्रशिक्षक त्याच वर्षी आला आणि त्याने हौशी वळणाच्या या संघाला व्यावसायिक शिस्त लावली. खेळाडूंना एकत्र राहण्यासाठी वसतिगृह काढलं. कधी जेवायचं, कधी निजायचं हेही ठरवून दिलं. संघाचं नवं मैदान, एस्तादियो दा लूझ, डिसेंबरात खुलं झालं. आणि मोझांबिकचाच आणखी एक तरुण, मारियो कोलुना, त्याच वर्षी लिस्बनला उतरला. १९५४ ते १९६७ या तेरा मोसमांत बेनफिकाने पोर्तुगालची लीग आठ वेळा जिंकली. एवढा एक आकडा सांगून मी लीगचा विषय सोडतो, कारण आपली गोष्ट खरी घडते ती युरोपच्या मैदानांवर.

३१ मे १९६१. स्वित्झर्लंडमधील बर्न शहर. युरोपियन कपचा अंतिम सामना, बेनफिका विरुद्ध बार्सिलोना. त्याआधीची पाचही वर्षं हा कप रिआल माद्रिदने आपल्या घरी नेला होता. या वर्षी खुद्द बार्सिलोनानेच माद्रिदला वाटेत गारद केलं होतं. तेव्हा कप बार्सिलोनाचाच, असं बहुतेकांनी धरून ठेवलं होतं. त्यांच्या गोलात होता रामालेट्स. १९५० च्या विश्वचषकातल्या खेळाबद्दल लोकांनी त्याला ‘माराकानाचं मांजर’ म्हणून नावाजलेला. समोरच्या गोलात आपले परेरा.

आणि झालं काय, तर बेनफिकाच्या तीन गोलांपैकी एक त्या नावाजलेल्या मांजराच्या स्वतःच्या हातून गेला! उंच आलेला चेंडू, डोळ्यांवर मावळतीचं ऊन. रामालेट्सचा हात लागला तो चेंडू बाहेर जाण्याऐवजी खांबाकडे गेला आणि रेषेच्या आत पडला. उत्तरार्धात बार्सिलोनाने जी चढाई केली तिला तोड नाही. कुबालाचा एक फटका एका खांबावर आदळला, आडवा घरंगळत दुसऱ्या खांबावर आदळला आणि मैदानात परतला. त्या मैदानाचे गोलखांब चौकोनी होते. ते गोल असते तर चेंडू आत गेला असता, असं बार्सिलोनाची मंडळी अजून म्हणतात. म्हणोत बापडी! त्या अर्ध्या तासात जे खांबांना लागलं नाही ते परेरांना अडवावं लागलं, याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. सामना बेनफिकाने ३–२ असा जिंकला.

इथे एक गोष्ट आपण ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या दिवशीचा गोलरक्षक मोझांबिकचा, मधल्या फळीचा कोलुना मोझांबिकचा, कप्तान आगुआश आणि आघाडीचा सांताना हे अंगोलाचे. पोर्तुगालच्या या विजयाचा मोठा वाटा वसाहतींनी उचललेला होता. त्याच वर्षी अंगोलात स्वातंत्र्याचा लढा पेटला, आणि डिसेंबरात आपला गोवा मुक्त झाला. राज्य सुटत चाललं होतं, आणि कप घरी येत होते.

पुढच्या वर्षी, २ मे १९६२ रोजी, ॲम्स्टरडॅमला गाठ पडली ती साक्षात रिआल माद्रिदशी. पुश्काश नावाचा हंगेरियन समोर होता. त्याच्या डाव्या पायाने पूर्वार्धातच तीन गोल केले. गोलरक्षकाच्या दृष्टीने विचार करा हो! अंतिम सामना, मध्यंतर व्हायचं आहे, आणि एकाच माणसाने तुमच्या पाठीमागच्या जाळीतून तीनदा चेंडू काढायला लावलेला. अशा वेळी पुष्कळांचे हातपाय गळतात. उत्तरार्धात परेरांनी एकही गोल होऊ दिला नाही. पलीकडे कोलुनाने एक आणि युसेबियो या वीस वर्षांच्या पोराने दोन गोल चढवले, आणि ५–३ असा कप पुन्हा लिस्बनला गेला. वर्तमानपत्रांत नाव झालं युसेबियोचं. ते रास्तच होतं. पण मला त्या सामन्यात मोलाची वाटतात ती शेवटची पंचेचाळीस मिनिटं, ज्यांत परेरांच्या पाठीमागची जाळी हलली नाही.

१९६३ साली वेम्बलीवर मिलानकडून बेनफिका २–१ असा हरला. ते दुःख ओसरलं. न ओसरणारं दुःख यायचं होतं १९६५ च्या २७ मे रोजी.

त्या वर्षी बेनफिका ऐन भरात होता. माद्रिदला त्यांनी लिस्बनमध्ये ५–१ असं लोळवलं होतं. अंतिम सामना इंटर मिलानशी, आणि तोही इंटरच्याच सान सिरो मैदानावर. पाऊस असा की मैदानाचं तळं झालेलं. मध्यंतराला थोडाच वेळ उरला असताना इंटरच्या जाईर या ब्राझिलियन खेळाडूने एक जमिनीलगतचा फटका मारला. फार भारी नव्हता. परेरा वाकले, चेंडू हातांत आला असं वाटलं, आणि तो निसटून दोन पायांमधून मागे गेला.

इथे मला थोडं स्वतःविषयी बोलू द्या. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे तालमी-तालमींचे फुटबॉल संघ असतात आणि पोरगं चालू लागलं की चेंडूमागे धावू लागतं. कॉलेजात मी गोलकीपर होतो, बेताचाच. एका जुलैमध्ये, चिखलात, अगदी असाच एक चेंडू माझ्या हातांतून गेला. भिजलेलं चामडं हातांत येतं ते जड दगडासारखं, आणि सुटतं ते साबणासारखं. त्याला आता पंचवीस वर्षं झाली. एक वर्गमित्र रस्त्यात भेटला की अजून मला ‘काय साबण!’ म्हणून हाक मारतो. बाकी सामन्यांत मी काय अडवलं, ते त्याला आठवत नाही. खरं सांगायचं तर मलाही आठवत नाही.

परेरांची गोष्ट तिथेच थांबली नाही. उत्तरार्धात त्यांना दुखापत झाली आणि खेळणं अशक्य झालं. त्या काळी बदली खेळाडू घेण्याची सोय नव्हती. तेव्हा जर्मानो या बचावपटूने गोलरक्षकाचा अंगरखा चढवला आणि बेनफिकाचे दहाजण पुढे खेळले. उरलेला अर्ध्या तासाहून अधिक वेळ जर्मानोने तो गोल राखला. इंटरला दुसरा गोल करता आला नाही. १–० हीच शेवटची संख्या राहिली. तो एकच चेंडू.

१९६६ साली इंग्लंडात पोर्तुगालने विश्वचषकात तिसरा क्रमांक मिळवला, तेव्हा संघात तीन गोलरक्षक होते. देशासाठी बावीस सामने खेळलेले परेरा त्यांत नव्हते. १९६७ मध्ये त्यांनी खेळ सोडला. १९९० साली लिस्बनमध्ये ते वारले.

परवा काही विद्यार्थ्यांना मी सान सिरोच्या त्या सामन्याचं जुनं चित्रण दाखवलं. चेंडू निसटला तेव्हा पोरं हसली. मग मी त्यांना बर्नचा उत्तरार्ध लावून दिला, आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसलो.