वाचन तिसरीचं, प्रश्न सातवीचा

सातवीतला एखादा मुलगा 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द वाचायला घेतो, 'प्रकाश'पर्यंत येतो आणि अडतो. पुढचं जोडाक्षर त्याला सुटत नाही. तोच धडा बाईंनी वाचून दाखवला की विचारतो, "मग रात्री झाड काय करतं?" वाचन तिसरीचं, प्रश्न सातवीचा.

अशा मुलाला बरेचदा विज्ञानाच्याच तासाला रिसोर्स रूममध्ये, म्हणजे विशेष शिक्षकांच्या वर्गात, नेतात आणि जोडाक्षरं गिरवून घेतात. उपचारात्मक अध्यापन त्याला हवंच, आणि रोज हवं. पण त्यापायी विज्ञान बुडालं, तर पुढे वाचता येऊ लागल्यावरही वाचलेलं कळायचं कशाच्या आधारावर? उलट, 'वर्गाबरोबर राहू दे, परीक्षेला लेखनिक मिळेल' म्हणत वाचन सोडून दिलं, तर दहावी होऊनही त्याला साधा अर्ज वाचता येत नाही. हेही मला तितकंच गैर वाटतं.

अशा मुलाच्या अडचणीला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तिला दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत स्थान दिलं. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या तरतुदी त्यात आहेत. यातल्या शेवटच्या सवलतीकडे नीट पाहा. तिसरी भाषा सुटली, की आठवड्यातले ते तास मोकळे होतात. वाचनाचा सराव तिथे बसवावा. विज्ञानाला हात लावू नये, आणि खेळाच्या तासाला तर नाहीच नाही. सरावाचे शब्दही त्याच आठवड्याच्या धड्यातून घ्यावेत. 'श्ले'सारखी जोडाक्षरं तिथेच पक्की होतील.

गणिताचंही तसंच. शेकडेवारी शिकताना पाढ्यांचा तक्ता त्याच्यापुढे खुशाल ठेवा, पाढे सरावाच्या तासाला होतील. दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेण्याची सवलत राज्य मंडळाने अशा मुलांसाठी ठेवली, ती अनेकांच्या उपयोगी पडली. पण ती पुढे मिळणारच म्हणून पाचवीतच मुलाचं गणित सोडून देणं, हा त्याच्यावर अन्याय आहे.

पालकहो, येत्या पालकसभेत गुणांच्या आधी वेळापत्रक मागा. मुलाला कोणत्या तासाला बाहेर नेतात, त्या तासाचा धडा त्याला कोण आणि कधी शिकवतं, हे वर्गशिक्षक आणि विशेष शिक्षक दोघांना एकत्र बसवून विचारा.